माफी दिली, अंगठा नाही

आमच्या काचीगुड्याच्या गल्लीत एक ख्रिस्ती बाई झाडू मारायची. तिचा नवरा गटार साफ करायला उतरला आणि आत गुदमरून मेला. भरपाई द्यावी लागू नये म्हणून, तो पिऊन उतरला होता असं लिहिलेला कागद घेऊन गटारसफाईचा ठेकेदार गल्लीत तिच्याकडे आला. कटकट नको म्हणून मी त्यावर साक्षीदाराची सही आधीच करून बसले होते, आणि आता तिथेच उभी होते.

“अंगठा लाव, नाहीतर काम गेलं. तुमचा येसू माफ करायला सांगतो ना?” ठेकेदार तिला म्हणाला.

“माफ केलं की, साब,” ती म्हणाली. “पण तो प्यालेला नव्हता. झुठ्या कागदाला अंगठा नाही लावणार.”

मग ठेकेदाराच्या डोक्यावर हात ठेवून तिने त्याच्यासाठी प्रार्थना केली. एवढा आडदांड माणूस, पण मान खाली घालून उभा राहिला. इतक्या वर्षांत मी कुठल्या देवळात असं पाहिलं नव्हतं. मी कागद ओढून घेतला आणि माझी सही खोडली.