सलीमचाचांचं वाण

परवा पोळा झाला आणि गेल्या वर्षीची ती दुपार पुन्हा डोळ्यांसमोर आली...

वरवट बकालमध्ये एका छोट्या दवाखान्याचं मेडिकल मी सांभाळते. बीटी कपाशी आली तेव्हा फवारणी सुटेल असं सगळे म्हणत होते. कसलं काय... पोळा झाला की आजही रोज कुणीतरी पाठीवर पंप घेऊन कपाशीत असतोच.

त्या दुपारी प्रल्हादभाऊंना आणलं. फवारताना विषबाधा झालेली, अंगाला घामाच्या धारा, तोंडाला फेस. डॉक्टर त्या विषावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं एकामागून एक देत होते आणि माझ्या कपाटात उरली होती सहा. होलसेलर म्हणाला, "उद्या पाठवतो."

"ताई, औषीद हाय ना?" त्यांच्या बायकोनं विचारलं. मी हो म्हणाले... खोटं बोलले.

मग सोनाळ्याच्या सलीमचाचांना फोन लावला. लाजतच. चाचांचं तिथे जुनं मेडिकल आहे आणि त्यांची एक रीत आहे. दर पोळ्याला आपल्याकडची अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं ते गावोगावच्या मेडिकलमध्ये दहा-दहा ठेवायला देतात, कापूस वेचून झाला की परत नेतात. माझ्याकडेही आले होते. मी हसून म्हटलं होतं, "चाचा, औषध आहे की हळदीकुंकवाचं वाण? एका जागी ठेवा ना!" आणि घेतलीच नव्हती.

"माह्याजवळ तं आता एकबी नाही, बेटी," चाचा म्हणाले. "मग आता काय करू, चाचा?" मी ओरडलेच.

"काऊन घाबरून राह्यली? तुह्या आजूबाजूच्या तीन गावात ठेवेल हायेत ना. काळीपिवळीवाल्याले सांगतो, तो गोळा करून आनते."

अर्ध्या तासात काळीपिवळी जीप दारात! तीन गावांहून आलेली इंजेक्शनं, त्यातली दहा तर चक्क जेवणाच्या डब्यात. माझ्याकडे तेव्हा एकच उरलं होतं.

तिसऱ्या दिवशी प्रल्हादभाऊ उठून बसले, चहा मागितला. बायको रडत रडत त्यांना रागावत होती, "वाऱ्याच्या तोंडावर कोन फवारते जी?" मी कपाटाआड जाऊन डोळे पुसले.

फार्मसीची डिग्री माझ्याकडे आहे. पण संकट कुठल्या शेतात उभं राहील ते सांगता येत नाही, मग औषधानं एकाच दुकानात का बसायचं, हे चाचांना कधीच कळलं होतं.

काल चाचा वाण वाटायला निघाले. या वेळी त्यांच्या स्कूटरवर मागे मी बसले होते... इंजेक्शनांचा डबा मांडीवर घट्ट धरून.