फेस तोच, शेपूट गेलं

आमच्या प्रयोगशाळेची खिडकी डिचोलीच्या रस्त्याकडे उघडायची. खनिजाचे ट्रक दिवसभर जायचे. टेबलावरची लाल धूळ पुसावी, तर तासाभरात पुन्हा तेवढीच. आमच्याकडचे किस्सेही असेच साचत गेले.

गोवा घटकराज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. आम्ही चौघं होतो. प्रमुख परब सर, पेडण्याचे गुरांचे डॉक्टर गावस, गडहिंग्लजकडून आलेल्या मदतनीस भीमाबाई आणि नुकतीच एम.एस्सी. झालेली मी. रिठा, शिकेकाई यांतला फेस आणणारा पदार्थ, म्हणजे सॅपोनिन, वेगळा काढायचा आणि तो घातल्यावर गुरांच्या लशीचा जोर वाढतो का, ते उंदरांवर पाहायचं, एवढंच काम.

*

पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर सॅपोनिनची रचना काढली. मधला सांगाडा तेलाशी जमवून घेतो, त्याला जोडलेल्या साखरेच्या साखळ्या पाण्याशी. भीमाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे नवी सून. एक पाय माहेरात, एक सासरात."

सरांनी पुढे प्रत्येक व्याख्यानात हेच सांगितलं. आकृती काढायचं बंद केलं.

*

सॅपोनिन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. किती फोडतं हे तपासायला डॉक्टर गावस बोकडाचं रक्त थर्मासमधून बसने आणायचे. एकदा म्हापशाला शेजारच्या गृहस्थांनी थर्मास पाहून घोटभर चहा मागितला. डॉक्टर खोटं बोलत नसत.

"च्या न्हय, बोकडाचें रगत."

डिचोलीपर्यंत त्यांना अख्खा बाक मिळाला.

*

मराठी-कोंकणीचा वाद तेव्हा घराघरांत होता. सरांनी एका बाटलीवर लिहिलं 'रिठा', डॉक्टरांनी त्याच अर्काच्या दुसऱ्या बाटलीवर त्याचं कोंकणी नाव 'रिंगी'. मी नवी, दोन वेगळी झाडं समजून दोन्ही उंदरांवर तपासली. आकडे तंतोतंत जुळले. मी घाबरत चूक कबूल केली, तर सर म्हणाले, "चला, उंदरांना तरी वाद नाही."

*

त्या रिठ्याचा फेस सगळ्यांत उंच, पण लशीला मदत जवळजवळ नाही. सर फार हिरमुसले. उरलेला अर्क शेजारचे सोनार शेट मागून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी लखलखती समई घेऊन आले आणि सरांपुढे ठेवली.

"सर, रिठो नापास जांवक ना. तुमी ताका चुकीच्या परीक्षेक बसयलो."

*

शिकेकाईने मात्र आशा दाखवली होती. पहिल्या खेपेला उंदरांच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर वाढली. दुसऱ्या खेपेला अर्क तोच, फेसही तेवढाच, पण प्रतिपिंडं वाढलीच नाहीत. महिनोन्‌महिन्यांचं काम पाण्यात जायची वेळ आली. 'शिकेकाई भरवशाची नाही' असा अहवाल सरांनी लिहायलाही घेतला.

त्या सकाळी भीमाबाई कपड्यांची पिशवी भरूनच आल्या. गावी जायच्या तयारीने. दुसऱ्या खेपेची बाटली त्यांनी धुण्याच्या सोड्याने घासली होती आणि घाईत विसळायची राहिली होती. एवढं सांगून त्या रडायला लागल्या.

सर खुर्चीतून उठले. त्यांनी भीमाबाईंच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि मला दोन बाटल्या भरायला सांगितल्या, एक सोडा घालून, एक तशीच. दोन्ही उंदरांना टोचून पाहिल्यावर निकाल स्पष्ट आला. शिकेकाईच्या सॅपोनिनला बाजूला एक छोटं शेपूट असतं. सोड्याने ते तुटतं. फेस तसाच राहतो, लशीचा जोर मात्र जातो.

पणजीच्या परिषदेला सर भीमाबाईंनाही घेऊन गेले. दिल्लीहून आलेल्या एका मोठ्या शास्त्रज्ञांनी विचारलं, की शेपूट तोडून पाहायची कल्पना कोणाची. सर खाली बसले आणि त्यांनी शेवटच्या रांगेकडे हात केला. भीमाबाई पदर सावरत उभ्या राहिल्या.

"सायेब, बाटली नीट विसळली असती, तर काय बी कळलं नसतं."