नानांचा उजवा पाय

अन्याय झाला तो माझ्या आत्याच्या यजमानांवर, यंदाच्या पोळ्याच्या दिवशी, दुपारी सव्वाचार वाजता, पारोळ्यातल्या एका उतारावर. साक्षीदार मी स्वतः. मागच्या सीटवर, पत्रकांच्या गठ्ठ्याशेजारी बसलेली. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात, आणि फुईच्या यजमानांना बठ्ठं, म्हणजे अख्खं, धुळं नाना म्हणतं. तर या नानांच्या उजव्या पायाइतका भरवशाचा अवयव खान्देशात दुसऱ्या कुणाकडे नाही, हे मी जबाबदारीने लिहिते आहे. त्याच पायाला त्या दिवशी चौकशीशिवाय दोषी ठरवलं गेलं, आणि सांगायला लाज वाटते, ठरवणाऱ्यांत मीही होते.

नाना आयुष्यभर जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात फिटर होते. कापसाची गाठ बांधतात ते पाहिलं असेल तर नाना समजायला सोपे जातात. तेलाच्या दाबावर चालणारं प्रेस कापूस दाबतं, आणि माणसं भोवतीने पट्ट्या आवळेपर्यंत त्याने तो दाब धरून ठेवायचा असतो. मध्येच दाब सुटला तर गाठ फुगते आणि सगळं मुसळ केरात. नानांचं काम एवढंच, की दाब सुटू द्यायचा नाही. निवृत्त होऊन वर्षं झाली, पण ते काम त्यांच्या अंगातून निवृत्त झालेलं नाही. त्यांच्या मते जगात दोनच क्रिया आहेत, दाबून पाहणं आणि दाबून धरणं; आणि देशाचं वाटोळं झालं ते सगळे नुसतं दाबून पाहतात म्हणून. धरायचं किती वेळ, याचं त्यांचं माप म्हणजे एक तंबाखू. चंची उघडायची, चिमूट तळहातावर घ्यायची, चुना लावायचा, अंगठ्याने मळायची, फटके मारून भुकटी उडवायची आणि दाढेखाली ठेवायची. एवढ्या वेळात जे ढिलं पडलं नाही ते चांगलं.

या मापाने त्यांनी काय काय मोजलं, त्याची यादी मोठी आहे. सोफा घ्यायला आम्ही दुकानात गेलो, तेव्हा विक्रेता कापडाचे रंग दाखवत होता आणि नाना सोफ्यावर डोळे मिटून तंबाखू मळत होते. शेवटी उठले आणि म्हणाले, "दोन बोटं खाले गया." दुसरा दाखवा. डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, तेव्हा नानांनी त्यांनाच विचारलं, की पट्टा फुगवला आणि लगेच सोडून दिला, धरला कुठे? तुमच्या पट्ट्यातूनच हवा जात नाही कशावरून? डॉक्टर भले गृहस्थ, त्यांनी पट्टा बदलून पुन्हा मोजला. रक्तदाब पहिल्यापेक्षा वाढलेला निघाला, बहुधा डॉक्टरांचाही. निवडणुकीत एक उमेदवार घरोघर हात मिळवत आला. नानांनी त्याचा हात धरला तो सोडेचनात. उमेदवार हसला, मग कसनुसा हसला, मग त्याने डाव्या हाताने सोडवून घेतला. नाना आत येऊन फुईला म्हणाले, "याले मत नको देऊ. अर्धी तंबाखू बी टिकना नही."

आणि त्यांची गाडी. वयाने माझ्याएवढी, रंगाने कधीकाळी पांढरी. ती चालवताना नाना चपला काढून दाराशी ठेवतात. अनोळखी लोकांना वाटतं, देवळासारखा आदर असेल. आदर वगैरे काही नाही. पेडलची भाषा तळव्याला कळते, चपलेला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. ब्रेक तर ते इतका हळुवार दाबतात, की मागच्या सीटवरच्या फुईच्या मांडीवरचा डबा हलत नाही. धुळ्याहून एरंडोलला फुईच्या बहिणीकडे जाताना रस्सा भरलेलं पातेलं नेलं तरी थेंब सांडत नाही, ही ख्याती.

त्या दिवशीही आम्ही तिघं एरंडोललाच निघालो होतो. पारोळ्यात पोळ्याची मिरवणूक आडवी आली. शिंगं रंगवलेले, अंगावर लाल ठसे उठवलेले, झुली घातलेले बैल डुलत चालले होते. नाना उतारावर थांबले, पाय ब्रेकवर. आम्ही बघत बसलो. आणि गाडी, कुणी न सांगता, मिरवणुकीत सामील व्हायला निघाली. अगदी सावकाश. नानांचा पाय पेडलवरच होता. मी वाकून पाहिला. त्यांनी हँडब्रेक ओढला, पण एक वीतभर उशीर झाला. समोरच्या बैलाच्या मागच्या अंगाला गाडीने नमस्कार केल्यासारखं नाक टेकवलं. बैलाला काही झालं नाही. त्याने मान वळवून नानांकडे फक्त पाहिलं. बैलाच्या मालकाने मात्र बोलून घेतलं.

"नाना, बैलले धक्का देवाना सन शे का हाऊ?"

लोक हसले. नाना हसले नाहीत. बॉनेटवर बैलाच्या अंगावरचा लाल ठसा उमटला होता, तो फुई पदराने पुसायला गेली तर त्यांनी तिचा हात धरला. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पुरावा शे."

पुराव्याकडे पाहतो कोण? नानांचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, धुळ्यातलं दुकान सोडून धावत आला आणि गाडी आपल्या मिस्तरीकडे घेऊन गेला. मिस्तरीने पेडल तीनदा धाडधाड दाबलं. टणक. चाकापाशी वाकून पाहिलं, तेल कुठे गळत नव्हतं. ब्रेकच्या तेलाची डबी काठोकाठ भरलेली. तरी त्याने ब्रेकच्या नळीतली हवा काढली, पुन्हा धाडधाड दाबलं आणि आतेभावाला बाजूला घेऊन हलक्या आवाजात निकाल दिला: "ब्रेक ओके आहे भाऊ. काकांच्या पायाचं बघा." आतेभावाने जळगावच्या गॅरेजमध्येही दाखवलं, तिथे पॅड बदलून हाच निकाल कायम झाला. आतेभाऊ स्वतः गाडी चालवून पाहत होता, पण तो ब्रेक दाबतो म्हणजे झुरळ मारतो. त्याला दरवेळी टणकच लागला. मग त्याने किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि म्हणाला, "नाना, आता वय झालं. रागावू नका."

नाना रागावले नाहीत, आणि हीच खरी चिंतेची गोष्ट होती. अपील मात्र त्यांनी आपल्या पद्धतीने सुरू ठेवलं. मुलगा दुकानाला निघाला, की ते अंगणात उजव्या पायावर बगळ्यासारखे उभे राहायचे आणि तंबाखू मळायचे. एका पायावर एक तंबाखू. मुलगा मान खाली घालून निघून जायचा. फुई आतून म्हणायची, "पडशात ना, मंग दोन्ही पाय जातीन." पण एरंडोलच्या फेऱ्या बंद झाल्या. फुईची बहीण फोनवर विचारायची, फुई म्हणायची गाडी कामाला दिली आहे. नाना ते ऐकायचे आणि बाहेर जाऊन बंद गाडी पुसायचे, ठसा सोडून.

मी तेव्हा काय केलं? मी पत्रक लिहिणारी मुलगी. आमच्या संघटनेच्या मागण्या मी लिहिते: रस्ता, पाणी, दवाखाना. सवयीने नानांसाठीही एक निवेदन लिहिलं, "ज्येष्ठांची किल्ली परत करा", खाली सह्यांना जागा सोडली, आणि नानांना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "दवाखान्यानं निवेदन देल्हं होतं, त्यानं काय झायं?"

मी म्हटलं, दिलं. फोटो काढला. अजून उत्तर नाही.

"मंग परत गयी का?"

नव्हते गेले.

"पत्रकवाली, तू बी दाबी देखस. धरस नही." मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "आनि तुले काय वाटस? मना पाय गया?"

मी गप्प राहिले. एवढ्या गोष्टींवर बोलणारी मी, तिथे गप्प राहिले. पाय पेडलवर होता हे डोळ्यांनी पाहून गप्प राहिले. नानांनी चंची उघडली, पण मळली नाही, तशीच बंद केली. दुसऱ्या दिवशी मी आतेभावाच्या दुकानात जाऊन बसले. त्याने दोनदा चहा पाजला, तिसऱ्यांदा विचारलं, काय हवंय? मी म्हटलं, रविवारी अकरा वाजता किल्ली आणि मिस्तरी, दोन्ही अंगणात. तोवर मी इथेच बसते. गिऱ्हाईकं माझ्याकडे बघायला लागली तेव्हा तो कबूल झाला.

रविवारी नानांनी मिस्तरीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. चपला काढायला लावल्या. इंजिन चालू.

"दाबी देखा."

मिस्तरीने धाडकन दाबलं. "टणक आहे, नाना."

"तुमी तेच करं. दाबी देखं. आते हळू दाबा. आनि धरा."

मिस्तरीने हळू दाबलं आणि धरलं. नानांनी चंची उघडली. चिमूट घेतली, चुना लावला. मिस्तरी आधी आरशात स्वतःकडे, मग आतेभावाकडे बघून हसला. नाना मळत होते. आणि मग मिस्तरीचं हसणं चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण गुडघा सरळ व्हायला लागला. आधी थोडा, मग आणखी. त्याने खाली पाहिलं. पाय पेडलवरच होता आणि पेडल कणाकणाने जमिनीकडे निघालं होतं. नानांनी भुकटी उडवली तेव्हा पेडल तळाला टेकलं होतं.

नाना शांतपणे म्हणाले, "तुमना पाय बी गया वाटस, मिस्तरी."

आतेभाऊ हसला नाही, त्याने खिशात घातलेला हात बाहेर काढला आणि वाकून पेडलकडे पाहिलं. मिस्तरी मात्र प्रामाणिक निघाला. खाली उतरला, कान धरला, आणि आम्हाला समजावून सांगितलं. ब्रेकच्या मुख्य सिलिंडरमध्ये आत रबराची वाटी असते, ती झिजली होती. जोरात दाबलं की वाटी फुलून तेल अडवते, पेडल टणक लागतं. हळू दाबून धरलं की तेल तिच्या कडेने आतल्या आत मागे निसटतं, आणि पेडल बसत जातं. तेल बाहेर पडतच नाही, मग गळती दिसणार कुठून, पातळी कमी होणार कशी? म्हणजे जो आदळतो त्याला हा ब्रेक चांगला, आणि जो सांभाळून दाबतो त्याला दगा. सिलिंडर नवा बसला. किल्ली परत आली. मी माझं निवेदन फाडलं.

पुढच्या आठवड्यात एरंडोलला निघालो. पारोळ्याच्या त्याच उतारावर नाना मुद्दाम थांबले, पुढे दुसरी गाडी किंवा बैल काहीच नसताना. हळू दाबलं, धरलं, अख्खी तंबाखू मळली. पेडल हललं नाही. फुई म्हणाली, "झायं का समाधान?" नानांनी मान हलवली, हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली, दाराशी ठेवलेल्या चपला पायात घातल्या आणि माझ्या बाजूचं दार उघडून उभे राहिले.

"तू चालाव."

मी म्हटलं, नाना, आता तर पाय निर्दोष सुटला.

"पाय गया नही मना. पन इतला वरीस रस्ताच देखा. आते माले बाहेर देखनं शे."

एरंडोलपर्यंत ते खिडकीतून केळीच्या बागा बघत राहिले. त्यांचा उजवा पाय मात्र प्रत्येक वळणावर, समोर पेडल नसतानाही, हळूच दाबला जात होता आणि धरला जात होता. बॉनेटवरचा ठसा पावसाने फिकट झाला आहे. कुणी पुसत नाही.

तेव्हा तुम्हाला, हे वाचणाऱ्याला, माझी मागणी एकच आहे. तुमच्या घरी जुनी गाडी असेल, तर आज ती उभी असताना, सपाट जागी, चाकाला दगड लावून, चपला काढून बसा. इंजिन चालू करा. ब्रेक हळू दाबा आणि एक तंबाखू मळून होईल इतका वेळ धरून ठेवा. पेडल खाली गेलं तर गाडी बाहेर काढू नका, मिस्तरीला घरी बोलवा आणि त्यालाही धरायला लावा. आणि तुमच्या घरात कुणी म्हातारा म्हणत असेल की दोष माझा नाही, तर त्याच्या खिशातली किल्ली काढून घेण्याआधी त्याच्या शेजारी बसा. तेवढाच वेळ. उठू नका.