सारिन्तेनबुदेच्या सातव्याचं जेवण

जावातल्या आमच्या गावात लग्न असो की मयत, बाया आपापली सुरी कमरेला खोचून न बोलावता जातात आणि रांधून देतात. त्यात सारिन्तेन कायम पुढं. ती साऱ्या गावाची बुदे, म्हणजे थोरली मावशी. लुळ्या पडलेल्या नवऱ्याला भरवून, पाच पोरांचं आवरून ती यायची. खोबरं किसायला बसली की मयताच्या घरातसुद्धा हसू फुटायचं. तिचं एकच मागणं होतं, "मी मेले की माझा भात तुम्हीच शिजवा गं. परक्याच्या हातचा नको." थोरला लेक प्रियोनो तिच्या उशाशी बसून आमच्यादेखत "हो, आई" म्हणाला होता.

म्हातारी गेली. मयतानंतर सातव्या दिवशी गावाला घालतात त्या जेवणासाठी आम्ही सुऱ्या घेऊन अंगणात शिरलो, तर चूल गार.

प्रियोनो म्हणाला, "मावश्यांनो, आज तुम्ही पाहुण्या. शहरातून डबे येतायत."

"डबे?" आमच्यातली करमिनी कडाडली. "मेल्या, तू जन्मलास तेव्हाचा भात आम्हीच शिजवला. तेव्हा नाही आमचे हात घाण वाटले?"

"तसं नव्हे मावशी. तुम्हाला उगा त्रास."

"तुझ्या आईला कधी झाला नाही तो?"

तेवढ्यात गाडी आली. पुठ्ठ्याच्या डब्यात गारढोण भात आणि कोंबडीचा तुकडा. मयताचं अन्न नाकारत नाहीत, म्हणून आम्ही डबे घेतले. गावातल्या एकाही मेलेल्या माणसाची चूल सारिन्तेननं गार राहू दिली नव्हती. आणि तिच्या पोटच्या पोरानं तिचीच पेटू दिली नाही.