दोष सांगून विकायची गाडी

पुढे जे सांगते आहे, त्यातला बराच भाग मी स्वतः पाहिलेला नाही, हे आधीच नोंदवून ठेवते. काही घटना माझ्या जन्माआधीच्या आहेत. काहींच्या वेळी मी विद्यापीठात तास घेत होते. सगळ्यांत महत्त्वाची घटना घडली तेव्हा मी राहुरीत होते, पण घरी नव्हते. मी कीटकशास्त्र शिकवते. एका किडीबद्दल तीन जणांनी तीन वेगळ्या नोंदी दिल्या, तर तिन्ही बाजूला ठेवून स्वतः शेतात जायचे, ही आमची शिस्त. मोटरसायकलवाल्यांच्या बाबतीत ती चालत नाही, कारण शेतच उरलेले नसते. उरतात फक्त साक्षीदार, आणि तेही एकमेकांचे मित्र.

बाबांच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून हे साक्षीदार आमच्याकडे येतात. गुडघ्याची चौकशी चहा येईपर्यंत टिकते. चहा आला की कुणीतरी म्हणतो, "मास्तर, ते आठवतं का," आणि जाताना प्रत्येक जण एक किस्सा आमच्या बैठकीत ठेवून जातो. छत्री विसरावी तसा. फरक इतकाच, की तो न्यायला कुणी परत येत नाही.

बाबा शाळेत ड्रॉइंग शिकवत. त्यांच्या हातून बऱ्याच मोटरसायकली आल्या आणि गेल्या. लग्नाआधी घेतलेली काळी गाडी मात्र राहिली. आता डॉक्टरांनी तिच्यावर बसायला मनाई केली आहे. ती ठेवायची की विकायची, हा आमच्या घरातला सध्याचा एकमेव प्रश्न. बैठकीत किस्से चाललेले असतात, तेव्हा तो प्रश्न बाहेर अंगणात स्टँडवर उभा असतो.

*

आईला बघायला बाबा राहुरीहून खर्ड्याला याच गाडीवरून गेले. मागे त्यांचे मामा होते. खर्ड्यात उतरले तेव्हा मामांचे धोतर कोणत्या रंगाचे आहे हे सांगता येत नव्हते, याबद्दल दोन्हीकडच्यांचे एकमत आहे. मतभेद त्यापुढचा आहे.

बाबा सांगतात, की आजोबांनी "मुलीला काय विचारायचं ते विचारा" म्हटल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला: गाडीवर मागे बसायला भीती वाटते का? आणि आईने मान वर न करता उत्तर दिले, "पुढं कोन बसतंय, त्याच्यावर हाय."

आईच्या म्हणण्यानुसार ती त्या दिवशी एक शब्दही बोलली नाही. ते वाक्य तिच्या धाकट्या बहिणीने दाराआडून टाकले. मावशीला विचारले, तर ती म्हणते की आपण त्या वेळी शाळेत होतो.

म्हणजे ते वाक्य उच्चारले गेले याला बाबांखेरीज दुसरा पुरावा नाही. लग्न मात्र झाले, याचा पुरावा मी आहे.

*

बाबांच्या कंपूत आणखी दोघे. इस्माईलभाईंचे मनमाड रस्त्यावर गॅरेज आहे. वाघमारे सर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. या तिघांनी तरुणपणी एक नियम केला आणि तो आजवर पाळला: गाडी विकायची ती दोष सांगून.

त्याची रीतही ठरलेली. विकणाऱ्याने गाडी चालवायची, घेणाऱ्याने मागे बसायचे, आणि मुळा धरणापर्यंत जाऊन परत यायचे. जाताना इंजिनाचे दोष, येताना बाकीचे. पुन्हा दारात पोहोचेपर्यंत एकही दोष पोटात राहता कामा नये.

नियमाचे मूळ इस्माईलभाईंच्या एका चुकीत आहे. गॅरेज नवे असताना त्यांनी एक गाडी गोड बोलून विकली. तिच्या फ्रेमला जोड दिलेला होता, तो सांगितला नाही. गाडीला पुढे काहीच झाले नाही, आणि तीच त्यांची शिक्षा ठरली. तो माणूस बाजारात दिसला, की यांची नजर आधी फ्रेमवर जायची. शेवटी एकदा त्याला भर रस्त्यात थांबवून इस्माईलभाईंनी सगळे कबूल केले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मला पैल्याच आठवड्यात दिसलं हुतं. तुमी कधी सांगताय, त्याची वाट बघत हुतो."

मी इस्माईलभाईंना विचारले, की असे दोष सांगत सुटलात तर गाडी विकली कशी जाते? ते हातातला पाना पुसत म्हणाले, "बेटा, दोष ऐकून गिऱ्हाईक पळत नाही. दोष ऐकले की त्याला ती घरची वाटायला लागते."

मला हे तर्काला धरून वाटले नाही. पण धरणाची फेरी करून कुणी गाडी न घेता गेला, असे एकही उदाहरण तिघांपैकी कुणाला देता आले नाही. निदान या उन्हाळ्यापर्यंत.

*

वाघमारे सरांची पहिली गाडी निळी होती. सर इतके हळू बोलतात, की शाळेत त्यांच्या वर्गात आपोआप शांतता व्हायची. हॉर्न वाजवणे ही असभ्यता आहे, असे त्यांचे ठाम मत.

नोकरी लागल्यावर त्यांनी गाडी घेतली आणि वडिलांना मागे बसवून श्रीगोंदा तालुक्यातल्या आपल्या गावी निघाले. वडील शेतमजूर. त्यांच्या तरुणपणी त्यांच्या वस्तीतल्या माणसाने गावातून जाताना सायकलवरून उतरायचे आणि ती हातात धरून चालायचे, असा दंडक होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे कधी रद्दही झाला नव्हता. वेस जवळ आली तशी सरांनी सवयीने गाडी हळू केली. मागून वडील म्हणाले, "उतरू नगं. अन् हारन वाजवीत चल."

सरांनी वेशीपासून बुद्धविहारापर्यंत हॉर्नवरचा अंगठा काढला नाही. कुत्री पळाली, बायका दारांत आल्या, पारावरची माणसे उठून उभी राहिली. वडील दोन्ही हात मांड्यांवर ठेवून सरळ समोर बघत बसले होते. विहारापाशी उतरले, सदरा खाली ओढून नीट केला आणि म्हणाले, "बास."

त्या दिवसापासून त्या हॉर्नचा आवाज बसला तो बसलाच. सरांनी तो दुरुस्त केला नाही आणि पुन्हा वाजवलाही नाही. पुढे गाडी विकताना, धरणाकडे जाता जाता, मागे बसलेल्या माणसाने हॉर्न असा घोगरा का, म्हणून विचारले. दोष पोटात ठेवायचा नाही, हा नियम. सरांनी सांगितले. त्याने गाडी घेतली.

इस्माईलभाई म्हणतात, की त्याने अजून हॉर्न बदललेला नाही. ही गाडी सर्व्हिसिंगला आली असताना मी मुद्दाम गॅरेजमध्ये जाऊन बटण दाबून पाहिले. घोगराच आहे.

*

एक प्रयोग माझ्या देखरेखीखाली झाला, त्यामुळे तो खात्रीने सांगते.

आवाजावरून कोणतीही ओळखीची गाडी सांगू शकतो, असा बाबांचा जुना दावा होता. ऑपरेशनच्या बऱ्याच आधी, एका रविवारी मी त्यांना बैठकीत खुर्चीवर बसवले, डोळ्यांवर माझी ओढणी बांधली, आणि सर, इस्माईलभाई व सुट्टीला आलेला माझा भाऊ यांना गल्लीच्या टोकाकडून एकेक गाडी घेऊन यायला सांगितले. क्रम मी चिठ्ठ्या टाकून ठरवला होता.

सरांची गाडी बाबांनी वळणावरच ओळखली. इस्माईलभाईंची तर त्याआधी. तिसरी आली तेव्हा त्यांनी मान तिरकी केली, बराच वेळ ऐकले आणि म्हणाले, "ही बाहेरची आहे. या गल्लीतली नाही."

ती त्यांची काळी गाडी होती. भाऊ चालवत होता.

सगळे हसले. बाबा ओढणी सोडून दारात गेले आणि गाडीकडे बघत राहिले. मला कारण कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी ती गाडी आयुष्यभर वर बसून ऐकली होती. लांबून येताना ती कशी ऐकू येते, हे त्यांना कधी कळलेच नव्हते. ते ऐकण्याचे काम घरात दुसऱ्याच माणसाकडे होते, आणि त्या माणसाने गाडी गल्लीत शिरतानाच स्वयंपाकघरातून विचारले होते, "आपली गाडी आज कोन चालवतंय?"

*

गुडघ्याच्या ऑपरेशनआधी नगरच्या डॉक्टरांनी आम्हाला नवा सांधा हातात देऊन दाखवला. इस्माईलभाईंनी तो उलटसुलट करून पाहिला, बोटाने घासून पाहिला आणि ग्रीस कुठून भरायचे, असे विचारले. डॉक्टर भले होते. भरावे लागत नाही, म्हणाले.

मग त्यांनी बाबांना काही शंका आहे का, असे विचारले. बाबा म्हणाले, "किक मारता येईल का?"

"काका, लोक मला मांडी घालता येईल का, जिना चढता येईल का, ते विचारतात."

"ते नाही आलं तरी चालेल."

डॉक्टरांनी हसणे थांबवून नीट समजावले. किक विसरायची. आणि एवढी जड गाडी एका बाजूला कलली, तर हा पाय तिला तोलू शकणार नाही. बाबांनी मान डोलावली आणि खिडकीबाहेर पार्किंगकडे पाहत बसले.

निर्णय आईने घेतला. दवाखान्याच्या व्हरांड्यातूनच तिने पुण्याला माझ्या भावाला फोन लावला. गाडी डोळ्यांसमोर असली, की हे एक ना एक दिवस बसणार आणि पाय घालवणार, तेव्हा गिऱ्हाईक बघ, असे तिने सांगितले. बाबांनी विरोध केला नाही. घरी आल्यावर "तिच्यावर ताडपत्री टाका," एवढेच म्हणाले, आणि त्यानंतर गाडीचे नाव काढले नाही. जो माणूस जेवताना कार्बोरेटरबद्दल बोलायचा, तो आता भाजीत मीठ बरोबर आहे, असे सांगू लागला. आईला ते ऐकवत नसे. पण तिने फोन मागे घेतला नाही.

*

भावाने मोबाईलवर जाहिरात टाकली आणि वांबोरीचा एक तरुण तयार झाला. गणेश त्याचे नाव. दूध संकलन केंद्रावर नोकरी. तो एसटीने आला, येतानाच हेल्मेट काखेत घेऊन आला, आणि ताडपत्री काढल्यावर आधी गाडीला चक्कर मारून मग टाकीवर हात ठेवला. इस्माईलभाईंनी सरांकडे पाहिले. गाडी गेल्यात जमा होती.

बाबांनी त्या दिवशी बऱ्याच आठवड्यांनी पँट आणि बूट घातले होते. वॉकर धरून ते पायरीवर उभे होते. अडचण नियमाची होती. विकणाऱ्याने चालवायचे, पण विकणाऱ्याला चालवता येत नव्हते. चालवू दे गणेशला, दोष सांगायला मागे मी बसतो, असे इस्माईलभाई म्हणाले. बाबांनी नकार दिला. तुला उघडलेल्या गाडीचे दोष माहीत, चालत्या गाडीचे नाहीत, म्हणाले. सरांनी तयारी दाखवली, त्यांनाही नकारच.

तेवढ्यात आई बाहेर आली. पायात चपला, पदर कमरेला खोचलेला.

"मी जाते."

सर म्हणाले, "वहिनी, दोष सांगायचे असतात."

"जल्म गेला तिच्या मागं बसून. मला न्हाई तर कुनाला म्हाईत?"

गणेशने किक मारली. आई मागे बसली, एक हात सीटच्या पट्ट्याला धरून, आणि दोघे धरणाच्या रस्त्याला लागले. बाबा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत पायरीवर उभे होते, असे सर सांगतात. मी त्या वेळी प्रयोगशाळेत होते.

नेहमीच्या फेरीपेक्षा त्यांना कितीतरी जास्त वेळ लागला. इस्माईलभाई दुसरी गाडी काढून शोधायला निघणार, तोच ती दोघे आली. आई उतरली आणि थेट आत गेली. गणेशने गाडी होती तिथेच स्टँडवर लावली, ताडपत्री स्वतः टाकली, तिचे कोपरे खाली नीट खोचले आणि बाबांच्या पाया पडून म्हणाला, "काका, गाडी र्‍हाऊ द्या तुमच्याकडंच."

हेल्मेट काखेत घेऊन तो एसटी स्टँडकडे चालत गेला.

भाऊ पुण्याहून फोनवर चिडला. मी दुसऱ्या दिवशी गणेशला फोन केला. गाडीत काय खोट निघाली, विचारले. तो म्हणाला, "ताई, गाडी एक नंबर हाय. खोट काय न्हाई. काकूंना इचारा."

"आई सांगत नाही."

"मंग मी कसं सांगू?" तो म्हणाला, आणि बाबांच्या गुडघ्याची चौकशी करून त्याने फोन ठेवला.

फोन केला त्या संध्याकाळचे संभाषण मात्र मी स्वतः ऐकले आहे. बाबा कॉटवर पाय लांब करून बसले होते. आई खाली मेथी निवडत होती. बाबांनी भिंतीकडे पाहत विचारले, "क्लच घसरतो ते सांगितलंस त्याला?"

"न्हाई."

"पावसात बंद पडते ते?"

"न्हाई."

"ऑइल गळतं ते तरी?"

"न्हाई."

बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिले. "मग धरणावर जाऊन येईपर्यंत काय सांगत होतीस?"

आईने निवडलेली मेथी परातीत टाकली आणि देठे गोळा केली.

"वारा लई हुता," ती म्हणाली. "त्याला कितपत ऐकू आलं, कोन जाने."