सार्जंट कुबल आणि लटकलेला बॉम्ब

माझं पोस्टिंग लोहगावला आलं तेव्हा आमच्या तळवड्यात लोक हसले. सायकलवर जाता येतं तिथं कसली आली मिलिटरी? मी चौथी शिकलेला, तरी भांडून एअर फोर्सात आर्मरर झालो. आर्मरर म्हणजे विमानाला बॉम्ब चढवणारा. हसणाऱ्यांतल्या एकानंही बॉम्बला कधी हात लावला नव्हता.

साल पन्नासच्या पुढचं. स्क्वाड्रनकडे चार इंजिनांचे लिबरेटर बॉम्बर होते. परदेशी फौजांनी मोडून टाकलेले, आपल्या मिस्त्र्यांनी जोडून उडवलेले. कमांडर होते स्क्वाड्रन लीडर दस्तूर. ब्रह्मदेशच्या लढाईत पदक मिळालेलं. शांततेचा काळ त्यांना मानवत नव्हता. चहा उभ्यानं, ब्रीफिंग चालता चालता. आमचा फ्लाइट इंजिनिअर सार्जंट कुबल मालवणकडचा. तो म्हणायचा, "साहेबाच्या बुटात पाचवा इंजिन आसा."

त्या दिवशी नगरकडच्या सरावाच्या रेंजवर बॉम्बिंग होतं, मीही विमानात होतो. काम संपवून परत आलो. लोहगावची धावपट्टी दिसत होती. उतरण्याआधी मी बॉम्ब-बे, म्हणजे विमानाच्या पोटातला बॉम्बचा कप्पा, तपासला. एक बॉम्ब गेलाच नव्हता. मागचा हूक सुटलेला, पुढच्या एकाच हुकावर तो डुलत होता. पिनेची तार निघालेली, म्हणजे जिवंत. चाकं टेकताना धक्का बसला असता तर आमी सगळे खलास.

मी विमानातल्या फोनवर साहेबांना सांगितलं. विमान तेच चालवत होते.

को-पायलट म्हणाला, "सर, बॅक टू रेंज?"

"रेंजवरचा लाल बावटा उतरला असेल. बायापोरं भंगार वेचायला शिरली असतील. नो." मग टॉवरला म्हणाले, "हंग-अप. वन बॉम्ब, लाइव्ह. गोइंग टू सी."

विमान पश्चिमेला वळलं. समुद्रापर्यंत खाली सगळी वस्तीच. आळंदी, माझं तळवडे, मग अख्खं मावळ. बॉम्ब कुठंही सुटला असता.

कुबल उठला. सामान बांधायचा पट्टा घेतला अन् पॅराशूट काढून ठेवलं. बेमधली चालायची पट्टी वीतभर रुंद, पॅराशूट घालून तिथं शिरता येत नाही. खालचे दरवाजे उघडेच. मी बेमध्ये शिरायच्या आतल्या दारात पालथा पडलो. फोन माझ्या कानाला, साहेबांचं बोलणं मी कुबलला ओरडून सांगायचं.

त्यानं पट्टा बॉम्बखालून घेतला अन् वरच्या दांडीला वेढे दिले. खाली इंद्रायणी चमकली. तेवढ्यातही तो म्हणतो, "भालेकरा, तुजो गाव इलो. आवशीक हात दाखव!"

"आधी बांधा, सार्जंट, आई मग!"

लोणावळ्याच्या अलीकडं विमानाला हिसका बसला अन् पुढचाही हूक सुटला. बॉम्ब पट्ट्यावर आला. वेढे सरकायला लागले. कुबलनं पट्ट्याचं टोक मनगटाला गुंडाळलं अन् अंग मागं टाकून बसला.

"सार्जंट, मनगट सोडवा!"

"मगे धरू कित्यान? दातान?"

घाट गेला. कोकणातली कौलं गेली. कुबलच्या मनगटातून रक्त येत होतं. साहेब सारखे विचारत होते, "कुबल होल्डिंग?" मी म्हणायचो, "होल्डिंग, सर."

मग साहेब म्हणाले, "ओव्हर वॉटर. लेट गो."

मी ओरडलो. कुबलनं दुसऱ्या हातानं चाकू काढून पट्ट्याला लावला. पण तो मनगटाच्या पुढं कापायला हवा होता, अन् मनगट तोवर ओढलं जाऊन दांडीपलीकडं गेलेलं, तिथं दुसरा हात पोचत नव्हता. त्यानं दांडीपाशी कापला. बॉम्ब गेला. मनगटाला गुंडाळलेल्या पट्ट्याबरोबर कुबलही गेला.

पेट्रोलचा काटा तळाला टेकेपर्यंत साहेब पाण्यावर घिरट्या घालत राहिले. मग सांताक्रूझला उतरलो. उतरल्या उतरल्या साहेबांनी पेट्रोल भरून परत जायची परवानगी मागितली. वरून उत्तर आलं, अंधार पडतोय, नाही. साहेबांनी पुन्हा मागितली. पुन्हा नाही. मी शेजारीच उभा होतो.

पुढच्या आठवड्यात साहेब मला घेऊन कुबलच्या गावी गेले. त्याची म्हातारी आई अंगणात मासे वाळत घालत होती. साहेबांनी सगळं सांगितलं, मी मराठीत करून दिलं. तिनं ऐकून घेतलं.

"माझो झील पवणारो होतो," ती म्हणाली. मुलगा पोहणारा होता, मी साहेबांना सांगितलं. मग तिनं विचारलं, "किती येळ शोधलात?"

"पेट्रोल संपेपर्यंत, आई," मी म्हणालो.

"मगे परत भरून कित्याक नाय गेलात?"

मी तोंड उघडलं. साहेब म्हणाले, "कीप क्वाएट, भालेकर." मग तिच्याकडं वळून आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले, "चुकला आई, माझा."

साहेब पुढं मोठ्या हुद्द्यावर गेले. त्यांच्या पदकाबद्दल लोक अजून विचारतात. ते मी पाहिलेलं न्हाई. हे पाहिलं. गप्प राहायची त्यांची ऑर्डर मी आजवर पाळली. आता साहेब न्हाईत, म्हातारी न्हाई, म्हणून लिहितो. परत जायची परवानगी साहेबांनी दोनदा मागितली होती.

अन् सार्जंट कुबलला मनगट सोडवायला लोणावळ्यापासून वेळच वेळ होता. खाली गावं होती.