शिंगाड्याच्या पानांवरचा बाप

बायकोला भामरागडच्या दवाखान्यात नर्सची कायम नोकरी लागली, त्याच उन्हाळ्यात राजुऱ्याकडच्या खाणीतलं माझं कंत्राटी काम सुटलं. मुलगी जेमतेम दोन वर्षांची. पुराच्या मुलखात तिला पावसाळ्याच्या तोंडावर न्यायचं कसं, म्हणून ठरलं की बायकोनं एकटीनं जावं आणि मी पोरीला घेऊन मूल शहराजवळच्या आमच्या गावी बाबांकडे राहावं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे पोरीचं न्हाणं, भात कालवणं, निजवणं, सगळं माझ्याकडे आलं. संध्याकाळी दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घ्यायचो, तीही तिला मांडीवर घेऊनच.

गावातल्या बाया कौतुक करायच्या, बाप्ये हसायचे. "काऊन गा, दूध बी तूच पाजून राह्यला का?" पानठेल्यावर एकानं विचारलंसुद्धा. ते मला फारसं लागलं नाही. लागायचं ते दुसरंच.

फोन लागला की बायकोच्या बोलण्यात एक माणूस हमखास यायचा. दवाखान्यातला रक्त तपासणारा. "सरनं आज मासोळी आणून देल्ली." "लसीकरणाले सरच्या गाडीवर गेली होती." "सर नसते त मी रडतच बसली असती इथी." मी हं हं करायचो. फोन ठेवल्यावर मात्र ती मासोळी रांधली कोणी आणि खायला कोण कोण होतं, हेच डोक्यात फिरत राहायचं.

पोरीला मी सकाळी गावच्या तलावावर न्यायचो. शिंगाड्याच्या पानांवर एक कमळपक्षी अंडी उबवत बसलेला असायचा. पांढरे पंख, लांब काळी शेपटी. "ते पाह्य, आई बसली हाय," मी पोरीला सांगायचो. एकदा दुर्बीण घेऊन आलेल्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी ते ऐकलं.

"आई नाई भाऊ, बाप आहे तो. यायच्यात अंडी बापच उबवते. पिल्लं बी तोच वाढवते."

"अन् आई?"

त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. "पल्याड पाहा. अंगानं मोठी आहे नं, ते मादी. याच्यापाशी अंडी देऊन झाली, आता त्या दुसऱ्या नरासंग आहे. मंग तिसरा बी पाहीन."

दुर्बिणीत ती दोघं शेजारी शेजारी पानांवरून चालत होती. अगदी सावकाश, जणू तलाव त्यांचाच.

"याले राग येत नाई?" मी विचारलं.

"त्याले कुठी फुरसत आहे!" ते हसले.

मला हसू आलं नाही. पाखरांवरून माणसाचं काही ठरत नसतं, एवढं मला कळत होतं. तरी त्यानंतर पोरीचं नुसतं निमित्त असायचं. मी तलावावर जायचो तो त्या मादीवर नजर ठेवायला. पुढे पिल्लं निघाली. पावसाची सर आली की बाप पंख किंचित उचलायचा, पिल्लं आत शिरायची आणि तो त्यांना काखेत घेऊन पानांवरून चालू लागायचा. खाली पिल्लांचे लांबच लांब पाय लोंबायचे. पोरगी टाळ्या पिटायची. मी पल्याडच्या काठाकडे बघत असायचो.

श्रावणात भामरागडचा रस्ता पुरानं बंद पडला, फोनही गेला. नेमकी तेव्हाच पोरगी तापली. मूलच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं. शेवटी एकदाचा बायकोचा फोन लागला तेव्हा तोंडातून निघून गेलं, "पोरगी तापली हाय." ताप उतरलाय हे सांगायच्या आत फोन कटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात मोटारसायकल थांबली. मागून चिखलानं माखलेली बायको उतरली. नावेनं नदी ओलांडून, पुढे कोणाची तरी गाडी मागून, सर तिला थेट घरापर्यंत घेऊन आला होता. माझ्याहून उंच, माझ्याहून तरुण, आणि दिसायलाही बरा. बाबांनी त्याला बाजेवर बसवलं. माझ्याच्यानं "या"सुद्धा म्हणवलं नाही. चहा पिऊन तो चंद्रपूरला आपल्या घरी गेला.

पोरगी मात्र आईकडे जाईना. हात पुढे केले की माझ्या मानेला घट्ट बिलगायची. भातही माझ्याच हातचा खाल्ला. बायको चुलीपाशी पाठ करून बसली होती.

"मी पाहुणी झाली नं," ती म्हणाली. "तुमचा हेवा वाटते मले."

"मले तुहा वाटते."

"माहा? काऊन?"

मी सांगून टाकलं. मासोळी, गाडी, सर, सगळं. ती माझ्याकडे वळली.

"मंग उपाशी राहाचं होतं का मी? पुरात अडकल्यावर माणूस लागते. तुम्ही असते त तुम्हीच लागले असते." आणि मग, "त या नं तिथी. बलावतच होती नं मी?"

खरं होतं. उन्हाळ्यात तिनं दोनदा म्हटलं होतं. पुराचा बाऊ माझा होता.

पाऊस उघडल्यावर आम्ही भामरागडला बिऱ्हाड केलं. बाबाही आले. शिकवणीला आता इथली मुलं येतात. पोरगी आईकडे जाते, फार वेळ गेली की मला करमत नाही. सर रविवारी कधी मासोळी घेऊन येतो, पोरगी त्याच्या खांद्यावर बसते. माणूस चांगला आहे, हे मी स्वतःशी कबूल केलंय. तरी चहा गाळताना त्याचा कप मी सगळ्यात शेवटी भरतो.